माकड पाळता येत नाही, हे कायद्याने स्पष्ट सांगावे : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री, भारत सरकार

विषय : माकडे व नरवानर गणातील इतर प्राणी खासगी ताब्यात ठेवण्यावर पूर्ण बंदी घालण्याबाबत

महोदय,

मी सोलापुरात गेली सत्तावीस वर्षे जनावरांचा दवाखाना चालवते. माझ्याकडे येतात त्या मुख्यतः म्हशी, शेळ्या, बैल आणि आता शहर वाढल्यापासून कुत्री-मांजरे. त्यांच्यात वर्षाकाठी चार-पाच माकडेही असतात. त्यांच्या गळ्यात साखळी असते, ती धरणारा माणूस बहुतेक वेळा प्रेमळ असतो, आणि त्या प्राण्याची अवस्था बहुतेक वेळा वाईट असते. अशाच एका माकडिणीसाठी मी केलेल्या अर्जाला गेल्या महिन्यात अडीच ओळींचे उत्तर आले. सदर प्राणी अनुसूचीत, म्हणजे कायद्याने संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत, नसल्याने कारवाई करता येत नाही, एवढाच त्याचा आशय होता. ते उत्तर चुकीचे आहे. ते चुकीचे असूनही देता आले, कारण कायद्यातच त्याला जागा आहे. म्हणून हे पत्र मी त्या कार्यालयाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे, आणि सर्वांनी वाचावे म्हणून उघडपणे लिहीत आहे.

आधी ती माकडीण. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका ढाब्याच्या मालकाने मे महिन्यातल्या एका दुपारी तिला पोत्यात घालून माझ्याकडे आणले, कारण तिच्या मानेला दुर्गंधी येत होती आणि गिऱ्हाइके तक्रार करत होती. ती पिल्लू असताना तिच्या गळ्यात चामड्याचा पट्टा बांधला होता. ती वाढली, पट्टा तेवढाच राहिला, आणि मान वाढत जाऊन त्या पट्ट्यावर कातडी चढली. भूल देऊन मी तो काढला, तेव्हा पट्ट्याची कडी मांसात बोटभर आत होती. जखमेत किडे होते. तिचे वजन तिच्या वयाच्या रानातल्या मादीपेक्षा कितीतरी कमी होते, आणि दोन्ही तळव्यांची कातडी तापलेल्या फरशीने सोलून निघालेली होती. सोलापूरचा मे ज्याने पाहिला आहे, त्याला पत्र्याच्या शेडखाली तीन हात साखळीवर उभे राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

टाके घालून झाल्यावर मी मालकाला सांगितले की हे माकड ठेवणे गुन्हा आहे. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे उत्तरेकडचं माकड हाय. ते आता यादीतनं काढलंय सरकारनं." मी त्याच्याकडे पाहतच राहिले. ढाबा चालवणाऱ्या माणसाला अनुसूचीतला बदल ठाऊक होता. विकणाऱ्याने माकडाबरोबर त्याला तेवढे शिकवून पाठवले होते.

आता हे समजून घेण्यासाठी थोडे कायद्यात जावे लागेल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत पकडणे, सापळा लावणे हेही येते. परंतु ही बंदी अनुसूचीत नाव असलेल्या प्राण्यांपुरती आहे. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या जागी चार आणल्या, आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्या फेरमांडणीत ऱ्हीसस माकड, म्हणजे उत्तर भारतात सर्वत्र दिसणारे, आखूड शेपटीचे आणि तांबूस पुठ्ठ्याचे माकड, संरक्षित प्राण्यांच्या यादीतून वगळले गेले. आपल्या दक्षिणी पठारावरचे टोपीवाले माकड मात्र यादीत आहे. ते जगात फक्त दक्षिण भारतीय द्वीपकल्पात सापडते, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना असुरक्षित जातींत केली आहे. ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत आहे आणि टोपीवाल्या माकडाचा प्रदेश त्यामुळे आक्रसत आहे, हेही अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. म्हणजे ज्या पट्ट्यात आपण राहतो त्याच पट्ट्यात एक माकड कायद्याच्या आत आणि दिसायला जवळजवळ तसेच दुसरे माकड कायद्याच्या बाहेर, अशी स्थिती आहे.

माझ्यासमोर बेशुद्ध पडलेल्या त्या माकडिणीची शेपूट तिच्या धडापेक्षा लांब होती. डोक्यावरचे केस मधोमध भोवऱ्यासारखे फुटून चहूकडे पसरलेले होते, ज्यावरून त्या जातीला टोपीवाले म्हणतात. मी शेपूट आणि धड मोजले, छायाचित्रे काढली, तारीख-वेळ घातली आणि अर्ज केला. एका कार्यालयाने सांगितले की प्राणी पाळीव झालेला असल्याने विषय दुसऱ्या विभागाचा आहे. दुसऱ्याने सांगितले की माकड वन्य असल्याने विषय पहिल्याचा आहे. मग ते अडीच ओळींचे उत्तर आले. शेपूट मोजायला ढाब्यावर कोणीही गेले नव्हते.

माझी पहिली तक्रार म्हणूनच कायद्याच्या रचनेविषयी आहे. माकड बाळगणे चूक आहे की नाही, हे त्या माकडाच्या शेपटीच्या लांबीवर ठरू नये. ऱ्हीसस वगळण्यामागे शेतीचे आणि वस्त्यांचे नुकसान हे कारण सांगितले गेले, तर मी ते समजू शकते. माझे माहेर शेतकऱ्याचे आहे, आणि टोळी उतरली की हरभऱ्याचे काय होते ते मी पाहिले आहे. परंतु शेतकऱ्याला दिलासा देणे आणि कोणालाही पिल्लू पकडून साखळीला बांधता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच फटक्यात दुसरीही करून टाकण्याचे कारण मला कुठेही सापडलेले नाही. साखळीला बांधलेल्या एका पिल्लाने कोणाच्याही शेतातली टोळी कमी होत नाही. याच ऱ्हीसस माकडांची परदेशी प्रयोगशाळांसाठी होणारी निर्यात १९७८ साली भारताने थांबवली होती, आणि तो निर्णय घेताना आपण कोणाचे मोठे नुकसान पाहिले नव्हते, त्या प्राण्यांचे हाल पाहिले होते.

दुसरी तक्रार अशी की, जे प्राणी यादीत आहेत त्यांच्या बाबतीतही कायदा कागदावर राहतो. कलम ३९ प्रमाणे बेकायदा पकडलेला वा बाळगलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे, आणि असा प्राणी ज्याच्या ताब्यात आला त्याने अठ्ठेचाळीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे आहे. शिक्षाही लहान नाही. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी किमान तीन वर्षांची कैद. इतके असूनही सत्तावीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या माकडांपैकी एकाच्याही मालकावर खटला चाललेला मला माहीत नाही. आणि जे माकड यादीत नाही, त्याच्यासाठी उरतो तो प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्यातील कलम ११ चा पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. ढाब्यावर तेवढ्यात एक थाळीसुद्धा येत नाही.

आता मला माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल लिहिले पाहिजे, कारण ती लपवून इतरांना जाब विचारणे मला पटत नाही. व्यवसायाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी एका माकडाचे सुळे काढून दिले. घरातल्या मुलाला ते चावले होते, आणि मालक म्हणाले की दात काढले नाहीत तर त्याला मारून टाकावे लागेल. मी विचार केला, मरण्यापेक्षा बरे. सहा महिन्यांनी ते माकड त्यांनी माळावर सोडून दिले, कारण सुळे नसतानाही ते उरलेल्या दातांनी तितकेच घट्ट धरत होते. सुळे नसलेले, माणसांत वाढलेले, टोळीची भाषा न शिकलेले नर माकड माळावर किती दिवस जगले असेल, याचा हिशेब मी तेव्हाच करायला हवा होता. त्यानंतर ही मागणी घेऊन माझ्याकडे अनेक लोक आले. मी नकार दिला. सगळेच नकार देत असतील असे मला म्हणता येत नाही.

लोकांना वाटते की चावणे हा त्या एका माकडाचा वाईट स्वभाव आहे. तसे नाही. पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून पहिले महिने काढते. त्याला तिच्यापासून तोडायचे तर आईला हुसकावावे किंवा मारावे लागते, दुसरा मार्ग नाही. पुढची दोन-तीन वर्षे ते माणसाच्या खांद्यावर बसते, केस चाळते, आणि सगळ्यांना ते फार गोड वाटते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते वयात येते, आणि टोळीत जसे ते आपल्यापेक्षा दुबळ्यावर धाक बसवून जागा मिळवते, तसे घरात करू लागते. घरात सर्वांत दुबळे असते लहान मूल किंवा म्हातारी आजी. दात दाखवणे हे हसणे आहे असे घरच्यांना वाटते. ती भीती असते किंवा धमकी. बंदिवासात माकड वीस-पंचवीस वर्षे जगू शकते. म्हणजे तीन वर्षांच्या कौतुकानंतर वीस वर्षे साखळी किंवा पिंजरा, हा व्यवहार आहे. शिवाय त्याच्या चाव्यातून रेबीज येऊ शकतो, माणसाचा क्षय त्याला आणि त्याचा माणसाला होऊ शकतो, आणि मकाक गटातल्या माकडांत (टोपीवाले आणि ऱ्हीसस दोन्ही याच गटातली) आढळणारा बी विषाणू माणसात क्वचितच शिरतो, पण शिरला तर मेंदूवर जातो. चावलेल्या मुलाला घेऊन लोक आधी माझ्याकडे येतात, कारण घरी माकड आहे हे सरकारी दवाखान्यात सांगायची त्यांना भीती वाटते. मी त्यांना त्याच पावली रेबीजच्या लसीसाठी पाठवते. प्रत्येक जण जातो की नाही, मला माहीत नसते.

तिसरी तक्रार परदेशी जातींविषयी. दोन वर्षांपूर्वी एक तरुण जोडपे माझ्याकडे मार्मोसेट घेऊन आले. हा ब्राझीलच्या जंगलातला, मूठभर आकाराचा, कानाजवळ पांढरे झुपके असणारा प्राणी. दुसऱ्या शहरातल्या विक्रेत्याने तो त्यांना विकला होता, आणि मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून त्यांनी तो हौसेने घेतला होता. त्याच्या मांडीचे हाड मोडले होते, आणि तो कुठून पडलाही नव्हता. हाडेच मऊ झाली होती. या गटातल्या प्राण्यांना ड-३ जीवनसत्त्व आणि अतिनील प्रकाश लागतो, ड-२ त्यांच्या अंगी लागत नाही. त्याला मिळत होते केळे, दूध आणि बिस्किटे, तेही खोलीतल्या दिव्याखाली. हे प्राणी कुटुंबाने राहतात, बहुधा जुळी पिल्ले होतात आणि बाप ती पाठीवर वागवतो. हा एकटा होता. दोघेही मनापासून रडत होते, ते क्रूर नव्हते. त्यांनी माझ्यासमोर नोंदणीचा कागद ठेवला आणि म्हटले, "आमच्याकडे सगळं कायदेशीर आहे." तो प्राणी नवव्या दिवशी गेला.

साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत जगातील सर्व नरवानर येतात, आणि भारत १९७६ पासून त्या करारात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या करारातील जातींची चौथी अनुसूची आणली, आणि तीतील जिवंत प्राणी ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी त्यांची नोंद करावी, असे ठरवले. २०२४ च्या नियमांनी ती नोंद पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर सहा महिन्यांत करायला सांगितले. कोणता प्राणी कोणाकडे आहे हे सरकारला कळावे, हा हेतू योग्यच आहे. परंतु लोक नोंदणीला परवाना समजतात, आणि विक्रेते तसेच सांगून विकतात. एका हातात नरवानर आणि दुसऱ्या हातात सरकारी नोंदीचा कागद असला, की त्या माणसाला आपण काही चूक करत आहोत असे वाटणार तरी कसे? इंग्लंडमध्येही घरात माकडे ठेवली जात. तिथे २०२४ साली नियम करून, एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवून, प्राणिसंग्रहालयाच्या तोडीची व्यवस्था असल्याखेरीज नरवानर ठेवता येणार नाही असे केले गेले. उलट अमेरिकेत संपूर्ण देशासाठी असा कायदा झालेला नाही, राज्याराज्यांत वेगवेगळे नियम आहेत, आणि २००९ साली कनेटिकटमध्ये घरात वाढवलेल्या चिंपांझीने एका स्त्रीचा चेहरा आणि हात ओरबाडून काढल्यानंतरही तो प्रश्न संसदेत पडून राहिला. यातला कोणता रस्ता धरायचा, हे आपल्याला अजून ठरवता येते, कारण आपल्याकडे अशा प्राण्यांची संख्या हाताबाहेर गेलेली नाही.

जप्तीनंतरची स्थिती तर याहून वाईट आहे. मी त्या माकडिणीला ठेवून घ्यायला तयार नव्हते, कारण ते माझ्यासाठीही बेकायदा ठरले असते. मला सांगण्यात आले की पुण्याला न्यावे लागेल, वाहन मिळाले तर. अडीचशे किलोमीटर, मे महिना, मानेला ताजे टाके. संध्याकाळपर्यंत वाहन आले नाही आणि मालक तिला परत घेऊन गेला. ती बेशुद्धीतून नुकती उठत होती. जिथे जप्त केलेला प्राणी ठेवायला जागाच नाही, तिथे जप्ती करायला कोणी पुढे येत नाही, यात त्या खालच्या कर्मचाऱ्याचा दोष मी तरी धरणार नाही.

आणि एक बाजू अशी आहे की जिच्याबद्दल प्राणिप्रेमी मंडळी सहसा बोलत नाहीत. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत, होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेत, लहानपणी मी वडिलांचे बोट धरून माकडाचा खेळ पाहिला आहे. डमरू वाजायचा, घागऱ्यातली माकडीण सासरी जायची, आम्ही टाळ्या वाजवायचो. १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करणे बंद झाले, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. ते योग्यच झाले. पण ज्या भटक्या कुटुंबांचे पोट त्या माकडावर होते, त्यांच्या हाती माकड सोडवून घेतल्यावर दुसरे काय दिले गेले? सोलापूरकरांना सेटलमेंट हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली माणसे या शहरात तारेच्या कुंपणात राहिली, आणि तो कायदा १९५२ साली गेला तरी संशय गेला नाही. नवीन कायदा झाल्यावर पहिला छापा झोपडीवर पडला आणि महामार्गावरचा ढाबा, फार्महाउस आणि बंगला सुटला, तर त्या कायद्याला माझा पाठिंबा राहणार नाही. माकड बाळगणारे जे लोक आज माझ्याकडे येतात, त्यांतले बहुसंख्य पैसेवाले आहेत. डमरूवाला मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

केंद्र सरकारने कलम ६१ खालचा आपला अधिकार वापरून ऱ्हीसस माकडाला पुन्हा अनुसूचीत घ्यावे. शेतीच्या नुकसानीसाठी वेगळी, प्रशिक्षित पथकांमार्फत चालणारी व्यवस्था करावी आणि नुकसानभरपाई वेळेत द्यावी. त्याचबरोबर कायद्यात एक स्वतंत्र कलम घालावे की, मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालये, बचाव केंद्रे आणि परवानाधारक संशोधन संस्था वगळता कोणत्याही व्यक्तीला नरवानर गणातील कोणताही प्राणी, देशी असो वा परदेशी, पकडलेला असो वा पिंजऱ्यात जन्मलेला, विकत घेता, विकता, पैदास करता किंवा बाळगता येणार नाही. जातीचे नाव न विचारता लागू होईल असे ते कलम हवे.

ज्यांच्याकडे आज नोंदलेले परदेशी नरवानर आहेत त्यांच्याकडून ते ओढून घ्यावेत असे मी म्हणत नाही. तो प्राणी जिवंत असेपर्यंत पशुवैद्यकीय तपासणीच्या अटीवर त्यांनी सांभाळावा, पण पैदास आणि हस्तांतर त्या दिवसापासून बंद व्हावे. ज्यांच्याकडे देशी माकडे आहेत त्यांना स्वेच्छेने आणून देण्यासाठी सहा महिन्यांची मुदत द्यावी, आणि त्या मुदतीत येणाऱ्यावर खटला भरू नये. भीतीपोटी माळावर सोडलेले माकड मी पुन्हा पाहू इच्छित नाही.

राज्य सरकारने सोलापूर जिल्ह्यात, जिथे माळढोकासाठी १९७९ पासून नान्नजचे अभयारण्य आहे आणि वन्यप्राण्यांचा अनुभव असलेले कर्मचारीही आहेत, जप्त आणि जखमी प्राण्यांसाठी कायमस्वरूपी उपचार केंद्र उभारावे. त्यात माकडांना एकेकटे न ठेवता टोळी बांधण्याची सोय असावी, कारण टोळीशिवाय त्यांना रानात सोडणे म्हणजे मारणेच आहे. क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना दोन माकडांतला फरक ओळखण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. तेवढे पुरते, मी स्वतः शिकवायला तयार आहे. १९६० च्या कायद्यातला दहा रुपयांचा दंड बदलावा. आणि माकडावर पोट असलेल्या कुटुंबांची नोंद पुनर्वसनासाठी घ्यावी, तेही कारवाईच्या आधी.

ढाब्यावरची ती माकडीण अजून तिथेच आहे. परवा मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले. गळ्यातला पट्टा गेला आहे, साखळी आता कमरेला आहे. जखम भरली आहे, मानेवर केस आलेले नाहीत. माझ्या अर्जाची पोच, शेपटीचे माप, काढलेला पट्टा आणि तारखेसह छायाचित्रे माझ्याकडे आहेत. पंचनामा करायला कोणी येणार असेल तर मी कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी, भुलीचे औषध आणि माझे वाहन घेऊन सोबत येईन.

आपली,
सोलापुरातील एक पशुवैद्यक